पितळी झुंबराला तोट्या आहेत, तेलाची टाकी नाही: गॅसचा दिवा ओळखणं, त्याचा काळ ठरवणं आणि तो पुन्हा टांगणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या बंगल्याच्या सामानात तीन हातांचं पितळी झुंबर मिळालं आहे. प्रत्येक हाताला छोटी तोटी आहे, टाकी किंवा वात कुठेच नाही, दोन काचा शाबूत आहेत आणि विकणारा त्याला ‘व्हिक्टोरियन’ म्हणतो. हे गॅसचं आहे का, कधीचं असेल, आणि आज घरात लावता येईल का?

तोट्या असतील तर ते गॅसचं असण्याची शक्यता खूपच जास्त आहे. काळ मात्र नक्षीवरून ठरवायला जाऊ नका. पानंफुलं, सिंहमुखं, गॉथिक कमानी यांचे साचे कारखाने वर्षानुवर्षं चालवत आणि तीच नक्षी आजही ओतली जाते. त्यापेक्षा ज्योत जिथे जळते तो बर्नर आणि काचेच्या खालच्या तोंडाची रुंदी या दोन गोष्टी पुष्कळ भरवशाच्या. बर्नर बदलला की हात, काच, टांगण्याची उंची, सगळंच बदलावं लागे. म्हणून बर्नरपासूनच सुरुवात करू.

आधी पार्श्वभूमी, घाईने. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून निघणारा वायू विल्यम मर्डॉकने १७९२ साली कॉर्नवॉलमधल्या रेडरुथ इथल्या आपल्या घरात उजेडासाठी वापरला. १८१२ साली लंडनमध्ये ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’ला सनद मिळाली आणि ३१ डिसेंबर १८१३ रोजी वेस्टमिन्स्टरचा पूल गॅसने उजळला. गिरण्या, रस्ते, दुकानं यांत गॅस लवकर शिरला, दिवाणखान्यात उशिरा. कारण त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येई. सॅम्युअल क्लेगने गॅस चुन्यातून नेऊन हा वास बराच कमी केला, पुढे लोहाच्या ऑक्साइडचा वापर आला. १८५९ साली ब्रिटिश संसदेच्या नव्या इमारतीत गॅसचे दिवे आले आणि त्यानंतर मध्यमवर्गीय घरांनाही गॅस घरात घेणं कमीपणाचं वाटेनासं झालं. कलकत्त्यात गॅसचे दिवे १८५७ साली लागले, मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली. लालबागची ‘गॅस कंपनी लेन’ त्याच कारभाराची खूण आहे. गॅसचं झुंबर जमिनीखालच्या नळांशिवाय निरुपयोगी असतं, त्यामुळे गावाकडच्या वाड्यातून आलेली हंडी किंवा झुंबर बहुधा तेलाचं किंवा रॉकेलचंच निघतं. मुंबईच्या जुन्या घरातून आलेलं गॅसचं असू शकतं.

आता बर्नर. सगळ्यात जुना म्हणजे लोखंडी टोकाला पाडलेलं एक बारीक भोक. ज्योत उभी आणि शेपटीसारखी निमुळती. गॅस भरपूर खाई आणि उजेड जेमतेम देई. मग टोकाला करवतीने सरळ खाच पाडून रुंद, पातळ ज्योत मिळवली गेली. तिला वटवाघळाच्या पंखावरून ‘बॅट्सविंग’ म्हणत. १८२० साली ग्लासगोच्या जेम्स नीलसनने दोन तिरकी भोकं समोरासमोर रोखली. दोन झोत एकमेकांवर आपटून चपटे पसरतात, हा ‘फिशटेल’. त्याची ज्योत बॅट्सविंगपेक्षा अरुंद असल्याने ती काचेच्या गोलात नीट मावे. बॅट्सविंगची ज्योत गोलाच्या काठाला टेकून काच तडकवी, म्हणून ती रस्त्यावर आणि उघड्या दिव्यांत जास्त दिसते. तिसरा प्रकार ‘आर्गांड’: वर्तुळात बारीक भोकं, मधून हवा आणि वर उंच चिमणी. उजेड सर्वात स्थिर, त्यामुळे वाचनाच्या टेबलावर तो असे. गॅस भिंतीवरच्या तोटीतून लवचीक नळीने आणत. नळी जुनी झाली की हमखास गळे.

गॅसची उघडी ज्योत उजेड देते ती तिच्यातल्या कार्बनच्या तापलेल्या कणांमुळे. गॅस बारीक भोकातून जोरात आला तर तो बरोबर जास्त हवा ओढतो, कण चमकण्याआधीच जळून जातात, ज्योत निळसर होते आणि फुसफुसते. रुंद खाचेतून हळू आला तर तेवढ्याच गॅसमध्ये ज्योत पिवळी, शांत आणि कितीतरी उजळ. रस्त्याखालच्या नळात दाब एक-दोन इंच उंच पाण्याच्या स्तंभाइतका असे. बर्नरच्या टोकाशी अर्ध्या इंचाच्या आसपास दाब पुरे. रात्री दुकानं बंद झाली की मागणी घटून दाब चढे आणि घराघरात ज्योती उंच होऊन आवाज करू लागत. मग कोणीतरी उठून मीटरजवळची मोठी तोटी थोडी मिटे. पुढे दाब आपोआप सांभाळणारे छोटे ‘गव्हर्नर’ बर्नरखालीच बसू लागले. लंडनच्या विल्यम सगचं नाव या कामात मोठं आहे.

लोखंडी टोकाचे दोष दोन. ते ज्योतीची मुळाकडची उष्णता ओढून घेतं, आणि गंजतं. खाच एका बाजूने बुजली की ज्योतीला शिंग फुटल्यासारखं टोक येतं आणि काजळी धरते. १८५०च्या दशकात शंखजिऱ्याची टोकं आली. हा दगड मऊ असताना कोरता येतो आणि भाजला की कडक होतो. गंज नाही आणि उष्णताही कमी ओढतो. तुमच्या हातांच्या टोकांवर मळकट पांढरी, चिनी मातीसारखी बोंडं असतील तर बर्नर १८५०नंतरचा. लोखंडी असतील तर त्याआधीचा किंवा स्वस्तातला. पण बर्नर आट्यांवर फिरवून बदलता येतो, त्यामुळे जुन्या झुंबरावर नवा बर्नर अगदी नेहमीची गोष्ट आहे. म्हणून काच पाहायची. आणि हो, स्टोव्हला पिन मारायची सवय इथे नको. खाच साफ करायला पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद पुरतो, पोलादी पात्याने ती रुंदावते.

काचेचं तोंड मोजा. १८७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत गोलांचं खालचं तोंड साधारण ६७ मिमी, म्हणजे अडीच इंचांहून किंचित जास्त, असे. अरुंद तोंडातून वर जाणारी हवा वेगाने जाते, चपटी ज्योत फडफडते आणि थंड पडते. त्यातच गोल पांढरा धुरकट असला तर निम्माअधिक उजेड आतच मरतो. हे लक्षात आल्यावर चार इंची (सुमारे १०२ मिमी) आणि पुढे पाच इंची (१२७ मिमी) तोंडाच्या, वाडग्यासारख्या उघड्या काचा आल्या. अरुंद तोंडाची काच आणि ती धरणारी मूळची अरुंद पितळी गॅलरी दोन्ही जुळत असतील, तर झुंबर १८७५च्या आधीचं असण्याची शक्यता चांगली. रुंद गॅलरी असेल तर त्यानंतरचं. काच एकीकडची आणि गॅलरी दुसरीकडची असणंही फार दिसतं. स्क्रूच्या खुणा काचेच्या काठावर कुठे उमटल्या आहेत ते बघा, जोडी कळते.

गुलाबी-लाल ‘क्रॅनबेरी’ काचेत रंग सोन्याच्या क्षारांचा असतो. पिवळट हिरव्या काचेत युरेनियम, ती अतिनील टॉर्चखाली झगझगीत हिरवी दिसते. अशी काच आजही बनते, म्हणून टॉर्चखाली ती चमकली एवढ्यावरून ती जुनी ठरत नाही. धुरकट काचेवरची वेलबुट्टी आम्लाने कोरलेली असते. नखाने चाचपली तर पृष्ठभाग सलग लागतो. रंगाने छापलेली नक्षी मात्र नखाला उंचवट्यासारखी लागते.

त्या काळच्या सजावटीतल्या कितीतरी गोष्टी शोभेच्या वाटतात, पण त्या गॅसचे त्रास झाकायला आल्या. तासाला पाच घनफूट गॅस जाळणारा एक बर्नर साधारण चार माणसांइतका कार्बन डायऑक्साइड सोडतो. गॅसमधल्या हायड्रोजनचं पाणी होतं: तीन बर्नर चार तास जळले की खोलीत दीड लिटरच्या आसपास पाण्याची वाफ येते, जी थंडीत खिडक्यांवर आणि भिंतीच्या कागदावर उतरते. शुद्धीकरणात उरलेल्या गंधकाचं जळून आम्ल होतं. ते चामडी बांधणीची पुस्तकं ठिसूळ करतं, चांदी काळवंडतं, पडद्यांचे रंग उडवतं. लंडनच्या अ‍ॅथेनियम क्लबच्या ग्रंथालयात याच तक्रारीवरून मायकेल फॅरेडेने १८४०च्या दशकात जळलेली हवा नळीतून बाहेर काढणारा दिवा तयार केला. छतावरचं प्लास्टरचं कमळ कित्येक घरांत भोकांचं असतं, ते हवा बाहेर काढायला. ज्योतीच्या वर लटकणारी छोटी काचेची घंटा छत काळं होऊ नये म्हणून. तुमच्या झुंबरावर हातांच्या वर आकडे असतील आणि त्यांना काहीच टांगलेलं नसेल, तर त्या घंटा हरवल्या आहेत.

झुंबर वरखाली सरकणारं असेल, साखळ्यांना पितळी गोळे वजन म्हणून असतील आणि वर मोठा पेल्यासारखा भाग असेल, तर ते पाणसरकी झुंबर. एका नळीत दुसरी नळी, मधल्या फटीत पाणी. पाण्यामुळे गॅस बाहेर येत नाही आणि झुंबर जेवणाच्या टेबलावर खाली ओढता येतं. पाण्याची खोली गॅसच्या दाबापेक्षा जास्त पाहिजे. ज्योतींच्या उष्णतेने पाणी उडून जाई आणि झुंबर पूर्ण खाली ओढलं की नळ्यांची एकमेकांतली खोली आधीच कमी झालेली असे. मग गॅस छताशी साठे. पाणी घालणं विसरून झालेले स्फोट ही त्या काळची ओळखीची भीती होती. वर तेलाचा थर दिला तर पाणी हळू उडतं, आणि म्हणूनच अशा पेल्यात आज काळा चिकट गाळ सापडतो. विक्रेते हे गोळे काढून वेगळे विकतात. मिळालेच तर जपा, कारण त्यांच्याशिवाय झुंबराचा तोल समजत नाही.

यानंतरचा मोठा बदल व्हिएन्नाच्या कार्ल आउअरचा. १८८५ साली त्याने सुती जाळी दुर्मिळ मृदांच्या क्षारांत भिजवून जाळली आणि उरलेली ऑक्साइडची जाळी बुन्सेन ज्योतीत (हवा आधीच मिसळलेल्या, निळ्या ज्योतीत) तापवून उजेड मिळवला. पहिली जाळी हिरवट उजेडाची आणि फार ठिसूळ होती, धंदा बुडाला. १८९१ साली ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड हे प्रमाण सापडलं. थोरिया (थोरियम ऑक्साइड) स्वतः फारसा उजेड देत नाही पण उष्णता वाया न घालवता तापतो, आणि उजेड देतो तो त्यातला किंचितसा सिरिया (सिरियम ऑक्साइड). सिरिया वाढवला की उजेड पडतो. वरातीत डोक्यावरून नेत त्या गॅसबत्तीचं मेंटल याच कुळातलं, फक्त तिथे इंधन रॉकेल. थोरियमसाठी लागणारी मोनाझाइट वाळू आधी ब्राझीलहून येई, १९०९ साली ती त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली.

फरक केवढा? चपट्या ज्योतीचा बर्नर तासाला पाच घनफुटांत दहा ते सोळा मेणबत्त्यांचा उजेड देई, मेंटल साडेतीन-चार घनफुटांत पन्नासच्या आसपास. मेणबत्ती म्हणजे कायद्याने ठरवलेली, देवमाशाच्या मेणाची, एका पौंडात सहा बसणारी आणि तासाला १२० ग्रेन जळणारी. विजेच्या दिव्याशी स्पर्धा करत गॅस आणखी तीस वर्षं टिकला तो मेंटलमुळेच. आता ज्योतीत हवा आधीच मिसळलेली असल्याने बर्नरखाली हवेची भोकं आली. दाब कमी पडला की ज्योत ‘फट्’ करून आत सरकते आणि खाली जळू लागते. अशी भोकं असतील तर तो भाग १८९०नंतरचा. बर्नर खाली तोंड करून असेल तर आणखी उशिराचा: उलटं मेंटल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुळलं, आणि राणी व्हिक्टोरिया तर १९०१ साली वारली. बाजारात ‘व्हिक्टोरियन’ म्हणून जाणारा बराच माल तिच्यानंतरच्या राजा एडवर्डच्या काळातला असतो. काही हात वर तोंड करून तोट्यांसह आणि काही खाली तोंड करून तोटीविना असतील, तर ते गॅस आणि वीज असं दुहेरी झुंबर, १८८० ते १९१०च्या दरम्यानचं.

पितळावर चौकट तिरकी उभी करून कोपऱ्यांत अक्षरं असा ठसा दिसला तर तो ब्रिटिश नमुना-नोंदणीचा, १८४२ ते १८८३ या काळातला. १८६७पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात, १८६८पासून उजव्या. १८८४नंतर नुसता ‘आरडी’ (Rd, म्हणजे नोंदणीचा) क्रमांक असतो. तो चार लाखांच्या वर असेल तर वस्तू व्हिक्टोरियाच्या नंतरची. हा ठसा नमुन्याच्या नोंदणीचा आहे, वस्तू त्यानंतर कितीही वर्षांनी ओतलेली असू शकते.

नकली ओळखायची सोपी परीक्षा: सगळ्या तोट्या उघडून वरच्या नळीतून फुंका. प्रत्येक हातातून हवा यायला हवी आणि तोटी मिटली की थांबायला हवी. नुसती शोभेची तोटी भरीव असते. लोहचुंबक चिकटला तर पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड. चौफुली खाचेचे स्क्रू दिसले तर निदान तो भाग तरी अलीकडचा.

आता लावायचं कसं. सिलिंडरच्या किंवा पाइपच्या गॅसवर हे अजिबात लावू नका. कोळशाच्या गॅसचा दाब दोन ते पाच मिलिबार होता. घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून सुमारे तीस मिलिबार येतो आणि त्याच्या एका घनमीटरची उष्णता चार-पाच पट असते. त्याच खाचेतून हातभर काजळणारी ज्योत निघेल. शिवाय कोळशाचा गॅस हवेपेक्षा हलका, गळाला तर छतातून जाई. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीवर साठतो. शंभर वर्षांची कोरडी तोटी तो थोपवणार नाही.

उघडताना प्रत्येक तोटीची खुंटी आणि तिचं घर यांवर एकच खूण करा. खुंटी तिच्याच घरात घासून बसवलेली असते, दुसरीकडे बसत नाही. सांध्यांत सफेदा आणि शेंदूर, म्हणजे शिसं असतं. कोरडं खरवडू नका, ओलं करून काढा आणि हातमोजे घाला. सांधा सुटत नसेल तर तेल लावून रात्रभर ठेवा. हीट गन जपून, कारण पोकळ हात आणि बुंधा बऱ्याचदा कथलाच्या डागाने जोडलेला असतो आणि तो १८५-१९० अंशांपासून सुटू लागतो. ब्रिटिश पितळी नळ्यांना व्यास काहीही असो, इंचाला २६ आटे असतात. आजचा १० मिमीचा निपल त्यात जोराने फिरवला तर जुने आटे कायमचे जातात. जोडतुकडा खरादीवाल्याकडून करून घ्या.

चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावू नका, बफवर तर नेऊच नका. मूळचं झुंबर उघड्या पितळाचं नसतं, त्यावर हळद, हिरादखणासारख्या लाल राळा असे रंग मिसळलेल्या चपड्याचा (शुद्ध केलेल्या लाखेचा) सोनेरी लेप असतो. आम्लाने तो जातो आणि पितळातलं जस्त निघून गुलाबी डाग पडतात. आधी कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, लगेच कोरडं करणं. लपलेल्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवा. पृष्ठभाग चिकट झाला तर चपडा शिल्लक आहे, तिथेच थांबा. पार गेला असेल तर लिटरभर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम मेण काढलेला चपडा, पितळ हाताला सोसेल इतकं गरम करून, मऊ ब्रशने एकाच दिशेने. पाठीमागे परत ब्रश फिरवला की रेघा उठतात.

वायर हाच खरा पेच आहे. हातातली पोकळी सहा-आठ मिमी असली तरी तोटीच्या खुंटीतलं भोक तीन-चार मिमीच असतं. धातूच्या दिव्याला २३० व्होल्ट द्यायचे तर अर्थिंगची तिसरी तार हवीच, आणि तीन तारा त्यातून जात नाहीत. बहुतेक कारागीर खुंटीला मोठं भोक पाडतात किंवा अर्थिंग गाळतात. पहिलं वस्तू बिघडवतं, दुसरं जिवावर बेततं. त्यापेक्षा छतात १२ व्होल्टचा, मुख्य विजेपासून विलग असलेला १५-२० वॉटचा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) ठेवा आणि प्रत्येक हाताला तीन वॉटचा एलईडी द्या. दोन बारीक सिलिकॉन तारा उघड्या खुंटीतून जातात. भोकाच्या कडा आतून गुळगुळीत करा, तारांवर बारीक स्लीव्ह चढवा आणि खुंटीखालचा स्क्रू आवळून तोटी उघड्या स्थितीत पक्की करा. नाहीतर कुणीतरी ती सहज फिरवेल आणि तारा कातरल्या जातील. दिव्याचा रंग २२०० केल्विनच्या आसपास घ्या. पांढऱ्या उजेडात कोरीव काच निर्जीव दिसते.

वजन जुन्या काळी गॅसची नळीच पेलत असे. तुम्ही स्लॅबमध्ये स्वतंत्र हूक बसवा आणि झुंबराच्या दुप्पट वजन एक दिवस टांगून ठेवल्याशिवाय ते वर चढवू नका. काचा सगळ्यात शेवटी. गॅलरीचे तीन स्क्रू काचेला नुसते टेकू द्या, अर्धा-एक मिमी मोकळीक ठेवा. आवळून बसवलेली जुनी काच स्क्रूच्या जागीच तडकते.